फिशमीलच्या जागी पेंड चालते का? मत्स्यशेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे, धरणात पिंजरे टाकणारे आणि खाडीकाठी जिताडा वाढवणारे शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांची उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे शेतकऱ्याचे पैसे बुडतात, तिथे जास्त लिहिलं आहे.

फिशमील कशापासून बनतं?

बारीक मासळी शिजवायची, दाबून तेल आणि पाणी काढायचं, उरलेला चोथा वाळवून दळायचा. साधारण साडेचार किलो ताज्या मासळीतून एक किलो फिशमील मिळतं. जगात पेरू या व्यवसायात सर्वात पुढे आहे. तिथल्या समुद्रातल्या अँचोव्हेटा नावाच्या लहान माशावर हा सगळा डोलारा उभा आहे. आपल्याकडे तारली, पेडवे आणि ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी, बंदरावर ‘कुटी’ म्हणून बाजूला टाकली जाणारी मिश्र मासळी या कामी येते.

त्यात असं काय असतं, की खाद्य कंपन्या ते सोडायला तयार नसतात?

चांगल्या फिशमीलमध्ये 60 ते 70 टक्के प्रथिनं असतात. माशाला आहारातूनच मिळावी लागणारी दहा अमिनो आम्लं त्यात जवळजवळ हव्या त्या प्रमाणात असतात. शिवाय टॉरिन (अमिनो आम्लासारखंच एक पोषक द्रव्य), खनिजं, थोडं ओमेगा-3 आणि माशाला ओढून आणणारा वास. पचायलाही सोपं. खाद्य तयार करणाऱ्याच्या दृष्टीने फिशमील घातलं की निम्मी आकडेमोड संपते. पेंड वापरायची म्हटलं की एकेक उणीव शोधून भरून काढावी लागते. ही मेहनत वाचते म्हणूनही फिशमीलची सवय सुटत नाही.

मग ते कमी कशाला करायचं?

पहिलं कारण भावाचं. पॅसिफिकमध्ये एल निनो आला की पाणी तापतं आणि अँचोव्हेटा पांगतो. 1972-73 मध्ये पेरूची ही मासेमारी कोसळली. 2023 मध्ये तिथल्या सरकारला उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा वर्षाचा पहिला हंगामच रद्द करावा लागला आणि फिशमील जगभर महागलं. इंदापूरच्या तळ्यातल्या खाद्याचा खर्च पेरूच्या समुद्राच्या तापमानावर ठरावा, ही स्थिती शेतकऱ्यासाठी बरी नाही.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. कुटीच्या ढिगाऱ्यात नुसती बिनकामाची मासळी नसते. बांगडा, ढोमा, राणी, पापलेट यांची पिल्लंही असतात. सहा-आठ महिने समुद्रात राहिली असती तर ती कुणाच्या तरी ताटात पोचली असती, एखाद्या कोळणीच्या पाटीत चार पैसे देऊन गेली असती. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केलं. पिल्लांना गिऱ्हाईक मिळत राहिलं, तर असा नियम बंदरावर टिकणं अवघड आहे. आणि तारली-पेडव्यांसारखा स्वस्त, पौष्टिक मासा तर थेट माणसानेच खावा.

1994 च्या सुमाराला जगात 3 कोटी टनांहून जास्त मासळी फिशमील आणि तेलासाठी जात होती. 2018 मध्ये हा आकडा 1 कोटी 80 लाख टनांच्या आसपास आला. मधल्या काळात मत्स्यशेती मात्र वाढतच गेली. 2022 मध्ये तर तिने पकडीच्या मासेमारीला प्रथमच मागे टाकलं. म्हणजे खाद्यातलं फिशमील कमी करणं हा आता प्रयोगशाळेतला विषय राहिलेला नाही, जगभर ते घडलं आहे.

रोहू, कटला, मृगळ यांना फिशमील लागतंच का?

वाढीच्या टप्प्यात, म्हणजे बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यापासून विक्रीपर्यंत, नाही लागत. हे मी ठामपणे सांगतो, कारण याच बाबतीत आपल्याकडे सर्वात जास्त पैसा वाया जातो. ‘यात फिशमील आहे’ एवढ्या एका वाक्यावर दुकानदार पिशवीमागे जादा पैसे लावतो आणि शेतकरी ते देतो.

रोहू स्वभावानेच वनस्पती आणि शेवाळ खाणारा. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. वाढीच्या काळात त्यांना 25 ते 30 टक्के प्रथिनांचं खाद्य पुरतं आणि तळ्यातल्या नैसर्गिक खाद्यातून त्यात भर पडते. शेण-खतं नीट देऊन पाणी हिरवट राखलेलं असेल, तर ही भर बरीच मोठी असते.

आंध्र प्रदेशात कोल्लेरू तलावाच्या परिसरात देशातली सर्वात मोठी कार्पशेती (कार्प म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांच्या गटातले मासे) उभी राहिली, ती तेल काढलेला भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड यांच्या बळावर. बारीक भोकं पाडलेल्या पोत्यांत हे मिश्रण भरून पोती बांबूला किंवा दोरीला टांगतात, मासे येऊन भोकांतून चोखून खातात. तो मासा ट्रक भरभरून देशभर जातो. आपल्या बाजारात येणारा ‘आंध्राचा रोहू’ बहुतांशी असाच वाढलेला असतो.

अपवाद दोन. जिऱ्यापासून (अगदी लहान पिल्लापासून) बोटुकली होईपर्यंतची पिल्लं आणि प्रजननासाठी ठेवलेले नर-मादी. या दोन्ही अवस्थांत थोडं फिशमील किंवा तोलामोलाचं प्राणिजन्य प्रथिन ठेवावं. तिथे खाद्य लागतंही कमी, त्यामुळे खर्चाचा फरक फारसा पडत नाही.

चिलापी आणि पंगस?

दोघंही सर्वभक्षी. दोन्हींचं वाढीच्या काळातलं खाद्य फिशमील शून्य किंवा नाममात्र ठेवून करता येतं आणि जगभर तसंच केलं जातं. चिलापीचं जठर खूप आम्लधर्मी असल्यामुळे वनस्पतिजन्य घटक ती इतर अनेक माशांपेक्षा चांगले पचवते.

जिताड्याचं आणि कोळंबीचं काय?

इथे हात आखडता घ्यायला हवा. जिताडा पक्का मांसाहारी, त्याला 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात. इतकी प्रथिनं नुसत्या पेंडीतून द्यायला गेलं, तर तंतू आणि पिष्ट इतकं वाढतं की मासा ते पचवू शकत नाही. वनस्पतींत टॉरिन जवळजवळ नसतंच, आणि समुद्री मांसाहारी माशांना त्याची गरज असते. सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट (सोयाबीनमधलं दाट केलेलं प्रथिन), मक्याचं ग्लुटेन (मक्यातलं प्रथिन), वरून टॉरिन आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल असं जमवून फिशमील बऱ्यापैकी खाली आणता येतं, पण ते काम घरच्या गिरणीत करायचं नाही. तयार खाद्य घ्या.

व्हेनामी कोळंबी जिताड्यापेक्षा सोपी, टायगर कोळंबी व्हेनामीहून हट्टी. वनस्पतिजन्य खाद्यावर कोळंबीला कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन वेगळं द्यावं लागतं, कारण कोलेस्टेरॉल तिला स्वतः तयार करता येत नाही आणि ते पेंडीत नसतं.

मांसाहारी माशाच्या बाबतीत कुठपर्यंत जाता येतं, हे नॉर्वेच्या सामन माशाने दाखवलं. 1990 मध्ये त्याच्या खाद्यात 65 टक्के फिशमील आणि 24 टक्के माशाचं तेल होतं. 2013 मध्ये हे आकडे 18 आणि 11 वर आले, उरलेली जागा मुख्यतः सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, गव्हाचं ग्लुटेन आणि रेपसीड तेलाने घेतली. पण वाटेत एक धडाही मिळाला. साधी सोया पेंड जास्त झाली की सामनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यामागे सोयाबीनमधली सॅपोनिन नावाची द्रव्यं प्रामुख्याने असतात. कॉन्सन्ट्रेट तयार करताना अल्कोहोलने धुतल्यावर ती निघून जातात, म्हणून तो महागडा मार्ग धरावा लागला. कार्प इतके नाजूक नसतात.

सोयाबीनच का?

कारण वनस्पतींत त्याच्या इतकी चांगली अमिनो आम्लांची घडण स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. बाजारात ज्याला डीओसी म्हणतात, त्या तेल काढलेल्या पेंडीत 44 ते 48 टक्के प्रथिनं असतात. लायसिन भरपूर, मेथिओनिन तोकडं. आणि महाराष्ट्रात लातूर-अकोल्याकडे ती दारात तयार होते.

घरचं सोयाबीन भरडून थेट घातलं तर?

घालू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इन्हिबिटर असतो, तो माशाची प्रथिनं पचवणारी यंत्रणाच रोखतो. मासा खातो, पण वाढत नाही. उष्णता दिली की हा घटक निकामी होतो, म्हणून भाजून किंवा वाफवून वापरायचं. पण करपवायचंही नाही. जास्त तापलं की लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि माशाला मिळत नाही. कागदावर प्रथिनं तेवढीच दिसतात, पोटात कमी पोचतात.

डीओसी घेताना व्यापाऱ्याकडे दोन आकडे मागा. युरिएज चाचणी सांगते की पेंड पुरेशी तापली का, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली विद्राव्यता सांगते की ती जास्त तापली का. ही विद्राव्यता 70 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर पेंड चांगली.

शेंगदाणा, सरकी, मोहरी, सूर्यफूल: यातली कुठली पेंड चालते?

शेंगदाण्याची पेंड माशांना आवडते, प्रथिनं 40 टक्क्यांच्या पुढे. मात्र लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही कमी, म्हणून ती सोयाबरोबर जोडीने वापरावी. तिचा खरा धोका बुरशीचा आहे. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी वाढते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाल्याचं दिसलं, तिथे बुरशी लागलेली सरकीची पेंड कारणीभूत होती. आपले कार्प ट्राउटपेक्षा कणखर आहेत, पण खराब पेंडीने त्यांचीही वाढ खुंटते आणि यकृत बिघडतं. उकळून किंवा गोळी करून हे विष पूर्ण जात नाही. वास आला, गठ्ठे झाले, हिरवट-पिवळट बुरशी दिसली की ती पेंड खतात टाका.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असतं. ते लायसिनला जखडून ठेवतं आणि प्रजननावरही परिणाम करतं. वाढीच्या खाद्यात दहा टक्क्यांच्या आत ठेवा, प्रजननाच्या माशांना देऊच नका. मोहरीच्या पेंडीतली ग्लुकोसिनोलेटं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, तीही मर्यादेतच. सूर्यफुलाची पेंड सालीसकट असेल तर तंतूच जास्त.

विदर्भातल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. मोहाची पेंड तळ्यात जाते ती नको असलेले मासे मारण्यासाठी, तिच्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं. पेंड स्वस्त मिळाली म्हणून खाद्यात मिसळू नका. एरंडी आणि करंजाच्या पेंडीही दूरच ठेवा.

इथेनॉल कारखान्यांचा डीडीजीएस घ्यावा का?

डीडीजीएस म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा. भाव चांगला असेल तर थोडा घ्या. मक्याच्या डीडीजीएसमध्ये 27 ते 30 टक्के प्रथिनं असतात, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये बरीच जास्त. लायसिन दोन्हीत कमी. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की मक्यातलं पिष्ट इथेनॉलमध्ये जातं आणि बाकी सगळं मागे राहतं. शंभर किलो मक्यातून तीसेक किलो डीडीजीएस उरतो, म्हणजे मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही जवळजवळ तिप्पट दाट होतं. या विषाच्या तपासणीच्या अहवालाशिवाय माल उचलू नका.

अ‍ॅझोला घातला की खाद्य लागत नाही म्हणतात, खरं का?

नाही. अ‍ॅझोल्यात (पाण्यावर तरंगणारी लहान वनस्पती) 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात हे खरं, पण तो आकडा वाळवलेल्या अ‍ॅझोल्याचा. ताज्यात 93-94 टक्के पाणीच. एक किलो ताज्या अ‍ॅझोल्यातून जेमतेम 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात, एक किलो सोया डीओसीतून साडेचारशे. गवत्या माशाला आणि चिलापीला पूरक म्हणून अ‍ॅझोला जरूर द्या. पण त्याच्या भरवशावर खाद्य बंद केलेल्या तळ्यातून टनावारी मासा निघणार नाही.

पिशवीवर ‘28% प्रोटीन’ लिहिलंय. तेवढं पाहिलं की झालं?

तो आकडा मोजतात नत्रावरून. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात, त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. आता युरियात 46 टक्के नत्र असतो. म्हणजे शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, तर कागदावर प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात! गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव थोडाफार युरिया वापरू शकतात, माशाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पेंडीचा भाव संशयास्पदरीत्या कमी असेल तर युरियाची चाचणी वेगळी करून घ्या.

शिवाय 28 टक्के प्रथिनांत लायसिन-मेथिओनिन किती, हे पिशवीवर सहसा नसतं. विचारा. चांगला उत्पादक सांगतो.

फॉस्फरससाठी डीसीपी घातलं, तरी मासे वाकडे निघतात, वाढ मंद. असं का?

पेंडीवरच्या खाद्यात सर्वात जास्त दुर्लक्ष या विषयाकडे होतं, म्हणून नीट सांगतो.

वनस्पतींतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवायला लागणारं फायटेज हे विकर माशाच्या आतड्यात पुरेसं नसतं. फिशमील काढलं की हाडांतून येणारा फॉस्फरसही जातो. म्हणून वरून द्यावा लागतो आणि बहुतेक जण कोंबडी खाद्याच्या सवयीने डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, घालतात.

अडचण अशी की रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या यांना जठरच नसतं. आम्ल नाही, म्हणून डीसीपी नीट विरघळत नाही. फिशमीलच्या हाडांतला फॉस्फरसही कार्पला फारसा मिळत नाही तो याच कारणाने. कार्पसाठी मोनोकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे एमसीपी, वापरा. महाग आहे, पण पाण्यात विरघळतं आणि जवळजवळ सगळं शोषलं जातं.

बाजारातलं फायटेज वापरायचं असेल, तर दोन अटी. त्यातलं बरंचसं आम्लात चांगलं काम करतं, त्यामुळे जठर नसलेल्या माशात एकटं पुरेसं ठरत नाही. मुंबईच्या वर्सोव्यातल्या सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) या संस्थेत रोहूवर झालेल्या प्रयोगांत फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल दिल्यावर परिणाम सुधारला. दुसरी अट, गोळी तयार होताना उष्णतेने फायटेज मरतं, म्हणून ते नंतर वरून फवारायचं.

माशाने न शोषलेला फॉस्फरस पाण्यात जातो. मग शेवाळ माजतं आणि पहाटे प्राणवायू पडतो. सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करणाऱ्या माशांचं कारण अनेकदा आदल्या महिन्याच्या खाद्यात असतं.

नवीन खाद्य मासे खातच नाहीत.

एकदम बदलू नका. जुन्यात पाव हिस्सा नवं मिसळून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करा. तरी नाकारलं तर एक-दोन टक्के माशाचं हायड्रोलायझेट (विकरांनी विरघळवलेलं माशाचं प्रथिन) किंवा थोडं बीटेन वास-चवीला पुरतं.

पेंडीवर वाढलेल्या माशातलं ओमेगा-3 कमी होतं का?

होऊ शकतं. पण तो प्रश्न मुख्यतः माशाच्या तेलाचा आहे, फिशमीलचा त्यात वाटा लहान. स्कॉटलंडच्या पाळीव सामनमधलं दीर्घ साखळीचं ओमेगा-3 2006 ते 2015 या काळात जवळजवळ निम्म्यावर आलं, कारण खाद्यात वनस्पती तेलं वाढली. रोहू-कटला तळ्यातल्या शेवाळावर आणि सूक्ष्म जीवांवरही जगतात, गोड्या पाण्यातले मासे जवस तेलातल्या ओमेगा-3 पासून थोडंफार दीर्घ साखळीचं स्वतःही तयार करतात. समुद्री माशांना ते पुरेसं जमत नाही. त्यांच्यासाठी आता सूक्ष्म शैवालापासून काढलेलं तेल मिळतं, महाग असलं तरी.

घरी करून पाहायला एखादं मिश्रण सांगा.

वाढत्या कार्पसाठी, शंभर किलोचं: सोया डीओसी 30 किलो, शेंगदाणा पेंड 20, तेल काढलेला भाताचा कोंडा 35, मक्याचं पीठ 10. उरलेल्या पाच किलोंत एमसीपी दीड किलो, कोणतंही खाद्यतेल 1.6 किलो, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण एक किलो, मीठ अर्धा किलो, लायसिन 250 ग्रॅम आणि मेथिओनिन 150 ग्रॅम. सर्वसाधारण आकड्यांनी यात 28 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं बसतात. तुमच्या पेंडीचे आकडे वेगळे असतील, म्हणून मोठा घाणा काढण्याआधी नमुना तपासून घ्या. गोळ्या सावलीत, पूर्ण कोरड्या होईपर्यंत वाळवा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवा आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतंच खाद्य करा.

शेवटी स्वस्त कुठलं पडतं, हे कसं ठरवायचं?

पिशवीच्या भावावरून ठरवू नका. एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागलं, त्याला खाद्याच्या भावाने गुणा. समजा एक खाद्य 60 रुपये किलो आणि 1.4 किलोत एक किलो मासा देतं, तर खर्च 84 रुपये. दुसरं 45 रुपये किलो पण दोन किलो लागतं, तर 90. पेंडीचं चांगलं जमवलेलं मिश्रण 48 रुपयांना पडून 1.6 किलोत मासा देत असेल, तर 77. यासाठी रोजचं खाद्य वहीत लिहायला हवं आणि पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून वीस-पंचवीस माशांचं वजन करायला हवं. दोन तळी असतील तर एकात जुनं, दुसऱ्यात नवं खाद्य ठेवा. माशाची जात आणि बोटुकलीची संख्या दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.